उसना कंप

मॅडम, ते यंत्र नाशिकला आले. विकत घेतलेले नाही, आपल्या रुग्णालयात काही दिवस दाखवण्यापुरते आणले होते, पण आले. ज्याच्या चित्रफिती तुम्ही दुपारचा डबा खाताना फोनवर मला पुन्हा पुन्हा दाखवत असायचात, तेच हे. शल्यचिकित्सक रुग्णापासून थोडा दूर खुर्चीत बसतो, दोन्ही हातांत पेनासारख्या दोन मुठी धरतो, आणि तिकडे सूक्ष्मदर्शकाखाली यंत्राचे दोन बारीक हात त्याच्या हातांची नक्कल करतात. आपण बोटभर हात सरकवला तर सुईचे टोक केसभर सरकते. आणि आपल्या हाताला कंप असेल तर यंत्र तो वाटेतच अडवते, सुईपर्यंत पोहोचूच देत नाही. "चहा गाळतात ना, तसं गं," असे तुम्ही म्हणाला होतात. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षे झाली की आमच्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही तुम्हाला पाहिलेले नाही. विभागाच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याखालून ती मुले रोज जातात. फोटो छातीपर्यंतचाच आहे. हात चौकटीच्या खाली राहिले आहेत.

तुमच्या प्लास्टिक सर्जरी विभागात मी पहिल्यांदा उभी राहिले तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, बोर्डात आलेली, पुस्तकांतले सारे पाठ असलेली, आणि चार माणसांसमोर शक्यतो तोंड न उघडणारी मी. तुमची सकाळची फेरी सुरू आहे. जळालेल्या हाताचा एक रुग्ण माझ्याकडे आहे आणि त्याची माहिती मला इंग्रजीतून सांगायची आहे. दोन वाक्ये झाली, तिसरे अडकले. मागे कोणीतरी हसले. मी फाइलवर नजर रोवून उभी. तुम्ही चष्मा वर सरकवलात आणि म्हणालात, "मराठीत सांग. पेशंटला काय इंग्लिशमध्ये दुखतंय का?" मग मी सांगत गेले. कातडी कुठे ताणली आहे, बोटे कुठे वाकतात आणि कुठे अडतात, हा माणूस सायकलचा ब्रेक दाबू शकेल की नाही, सगळे. मी थांबल्यावर तुम्ही हसणाऱ्याकडे वळलात. "हं, आता तू सांग बाबा, इंग्लिशमध्ये. हिच्याएवढंच सांग." त्याला ते जमले नाही. त्या दिवसापासून वर्गातल्या मुलांनी मला बोर्डाची बाई म्हणून चिडवले, पण माझ्या इंग्रजीला पुन्हा कोणी हसले नाही.

गंगापूर रोडवरच्या तुमच्या घरातले स्वयंपाकघर ही माझी खरी प्रयोगशाळा. आज विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा त्यांना ती थाप वाटते. डाळ-तांदळाचे दोन उभे डबे, त्यांवर आडवी ठेवलेली काच, काचेवर पडदा वर करून ठेवलेला तुमचा फोन, त्याचा कॅमेरा मोठ्यात मोठा केलेला. आणि खाली ताटलीत कोंबडीची तंगडी. तंगडीतली रक्तवाहिनी शेवयीएवढी असते. ती कापायची आणि फोनच्या पडद्यावर बघत, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही अशा धाग्याने पुन्हा जोडायची. सूक्ष्मदर्शक रुग्णालयात एकच होता आणि तो रुग्णांसाठी होता. शिकणाऱ्यांनी शिकायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही ओट्यावर शोधले होते. तुमचे यजमान नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, माळकरी. ते दारात उभे राहून म्हणत, "चातुर्मासात आमच्या घरी कांदासुद्धा येत नाही, आणि ही बया फ्रीजमध्ये कोंबडी ठेवते." तुम्ही मान वर न करता उत्तर द्यायचात, "आम्ही खात नाही हो, शिवतो." मग त्यांनीच एक दिवस वेगळी ताटली आणली, वेगळी सुरी आणली, आणि गॅलरीत एक टेबल लावून दिले. "शिवा तिकडं बसून. देवघरासमोर नको." द्राक्षांच्या हंगामात तुम्ही आणखी एक खेळ काढला होता. द्राक्षाची साल उभी चिरायची आणि आतल्या गराला धक्का न लावता शिवायची. रस सुटला की हरलात. हरलेले द्राक्ष तुमचे यजमान खात, कारण ते शाकाहारी होते.

त्या गॅलरीतच मला पहिल्यांदा ते दिसले. तुम्ही टाका घालून दाखवत होतात. तुमची पद्धत ठरलेली होती: आधी करंगळी टेकवायची, मग मनगट, मग एक श्वास सोडायचा आणि मगच सुई पुढे न्यायची. त्या दिवशी करंगळी टेकली, मनगट टेकले, श्वास सुटला आणि सुईचे टोक थरथरू लागले. साध्या डोळ्यांना कदाचित जाणवलेही नसते. पण फोनच्या पडद्यावर ते टोक वाऱ्यातल्या वातीसारखे हलत होते. तुम्ही हात मागे घेतलात, "कॉफी जास्त झाली," म्हणालात. मला बोलता येत नसले तरी बघता येत होते. कॉफी तुम्ही घेतलीच नव्हती.

त्यानंतरच्या वर्षात आपण दोघींनी एक नाटक बसवले, आणि ते बसवतो आहोत हे एकमेकींना कधी सांगितले नाही. थिएटरमध्ये तुमच्या मनगटांखाली टॉवेलच्या दोन गुंडाळ्या येऊ लागल्या. कातडी उघडणे, आतले थर वेगळे करणे, मोठे टाके, सगळे तुम्हीच करायचात, आणि तुमच्यासारखे ते कोणी करतही नसे. बारीक रक्तवाहिनीची वेळ आली की तुम्ही मोठ्याने म्हणायचात, "हं, हिला शिकू द्या आता," आणि सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या बाजूने मला सांगत राहायचात. "डावीकडून ये. ओढू नकोस. तिला वाटलं पाहिजे की ती आपणहून आली." मी तुमचा हात झाले. माझ्या बरोबरीच्या मुलांना चिमटा धरू दिला जात नव्हता, तेव्हा मी रक्तवाहिन्या जोडत होते, आणि सगळ्यांना वाटत होते की मॅडमची ही लाडकी आहे. मी लाडकी असेन किंवा नसेन. तुम्हाला माझी गरज होती. त्या वयात त्या दोन गोष्टींत मला फारसा फरक वाटत नव्हता.

मग अंबडच्या कारखान्यातली ती मुलगी आली. पत्रा दाबणाऱ्या मशीनमध्ये तिचा उजवा अंगठा तुटला होता. अंगठा एका स्वच्छ पिशवीत आणि ती पिशवी बर्फात, असे कुणीतरी शहाणपणाने आणले होते. तिची आई चांदवडकडची; दारात तुमचा हात धरून म्हणते, "बाई, पोरगी लय हुशार हाय वो. अक्षर बघाल तं मोत्यावानी. आंगठा बसंल ना?" तुम्ही म्हणता, "बसवू. हात सोडा माझा, तोच लागणार आहे." त्याही स्थितीत ती बाई हसते. आत गेल्यावर तुम्ही हाडात तार घातलीत, स्नायूबंध जोडलेत. मग, का कोण जाणे, त्या दिवशी "हिला शिकू द्या" असे म्हणाला नाहीत. कदाचित तुम्हाला एकदा, शेवटचे, स्वतःच करायचे होते. करंगळी टेकली. मनगट टेकले. श्वास सुटला. सुई रक्तवाहिनीच्या काठाशी गेली आणि थरथरली, तुम्ही मागे घेतलीत, पुन्हा नेलीत, पुन्हा तेच. सूक्ष्मदर्शकातून मला त्या सुईखेरीज जगात दुसरे काही दिसत नव्हते. तिसऱ्यांदा टोकाने काठावर एक ओरखडा काढला. तुम्ही दोन्ही हात उचललेत, खुर्ची मागे सरकवलीत आणि म्हणालात, "तू बस." माझ्या जागी नव्हे. तुमच्या. मी फिरून आले आणि तुमच्या खुर्चीत बसले. आसन गरम होते. ओरखडा गेलेला भाग कापून मी वाहिनी जोडली, रक्त अडवणारी चिमटी काढली, आणि तो पांढरा अंगठा हळूहळू गुलाबी होत गेला. तुम्ही माझ्या पाठीमागे उभ्या होतात. तेव्हा तुम्ही काय पाहत होतात, अंगठा की मला, हे मला कधीच कळले नाही.

बाहेर हात धुताना मी धीर एकवटून बोलले. मी आपणहून बोलणे हीच एक घटना असायची. म्हणाले, "मॅडम, आज तुमचा हात थकला होता. बाकी काही नाही." तुम्ही नळ बंद केलात. "खोटं बोलू नकोस. पेशंटला धीर द्यायला बोलतेस, तेवढं पुरे. डॉक्टरनं डॉक्टरशी खोटं बोलायचं नसतं." माझ्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा तुम्ही ओल्याच हाताने माझ्या डोक्यावरची टोपी सरळ केलीत. "हे आपल्या दोघींत राहू दे. मी थांबते. पण लोकांनी मला हातासाठी थांबलेली म्हणू नये. गुडघे म्हणू देत. गुडघ्यांना कोणी हसत नाही."

निरोपाच्या समारंभात सगळे गुडघ्यांविषयीच बोलले. आताचे आमचे विभागप्रमुख, जे तेव्हा तुमच्या हाताखालचे सहकारी होते, त्यांनी तर गुडघ्यांवर असे भाषण केले की लोक हसून लोळले. "आमच्या मॅडमनी हजारो लोकांची कातडी बदलली, पण स्वतःचे दोन गुडघे काही त्यांना बदलवत नाहीत!" तुम्ही शाल सावरत हसलात. मी शेवटच्या रांगेत होते. त्या सभागृहात खरे कारण फक्त मला माहीत आहे, या जाणिवेने मी इतकी ताठ बसले होते की शेजारच्या मैत्रिणीने विचारले, "तुला उचकी आलीय का?"

पुढे मी दक्षिणेकडे शिकायला गेले, आणि तिकडे असतानाच तुमच्या हृदयाने दगा दिल्याची बातमी आली. मी पोहोचले तेव्हा घरात फक्त तुमचे यजमान होते. गॅलरीतल्या टेबलावर त्यांनी तुळशीची कुंडी ठेवली होती. "आता कोण शिवणार इथं," एवढेच म्हणाले. मी परत येऊन आपल्याच विभागात रुजू झाले. तुमच्या मागे इथे जे जे आले ते तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण नवे काही आले की तुमचा चेहरा सणासारखा होत असे. आता कापण्याआधी तुटक्या जबड्याचे जसेच्या तसे मॉडेल यंत्रातून छापून मिळते. ते हातात घेऊन पट्ट्या आधीच वाकवून ठेवता येतात. एक हिरवे औषध शिरेत दिले की कॅमेऱ्याखाली जिवंत कातडी चांदण्यासारखी चमकते आणि जिथे रक्त पोहोचत नाही तिथे अंधार राहतो. मरणारा भाग मरण्यापूर्वी दिसतो. मुले डोळ्यांवर मोठा चष्मा लावून हवेत शस्त्रक्रिया करतात. सिलिकॉनच्या वाहिन्या शिवतात आणि संगणक त्यांना गुण देतो. परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मशीननं मला पंच्याऐंशी दिले! तुम्ही किती देता?" मी म्हटले, "मी टाका बघते, मार्क नाही देत." ती मागे वळून मैत्रिणीला म्हणाली, "बाई मशीनपेक्षा कडक आहेत." मला वाईट वाटले नाही. ती मुले माझ्यापेक्षा लवकर शिकतात आणि कोणाच्याही दुःखावाचून शिकतात. हे चांगलेच आहे. तरी ती तयारी पाहताना मला कधीकधी वाटते की त्या संगणकाचे आपण काहीच देणे लागत नाही, म्हणून त्याची आठवणही कधी येणार नाही.

यंत्र आले त्या दिवशी सकाळभर सगळ्यांनी रांगेने ते वापरून पाहिले. दुपारी सगळे जेवायला गेले. मी मागे राहिले. गर्दीत जेवायला मला अजूनही नको वाटते. कंपनीचा तरुण अभियंता तारा गुंडाळत होता. मी विचारले, "पुन्हा एकदा बसू का?" तो खूश झाला. "बसा ना मॅडम, निवांत बसा." समोर सिलिकॉनची वाहिनी होती, पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या हातांचे चित्र होते आणि मधोमध सुईचे टोक. मी काय करणार आहे हे मला बसेपर्यंत ठाऊक नव्हते. मी करंगळी टेकवली. मग मनगट. मग श्वास सोडला. आणि मॅडम, मी तुमचा हात केला. तोच कंप, काठाशी जाताना वाढणारा, मागे घेतला की ओसरणारा, त्याच लयीचा. आधी फोनच्या पडद्यावर, मग सूक्ष्मदर्शकातून मी तो इतक्या जवळून पाहिला होता की आठवावा लागलाच नाही, माझ्या हातातच होता. कोपऱ्यातल्या चित्रात हात थरथरत होता. मधोमध सुई निश्चल होती. ती काठाशी गेली, आत शिरली, पलीकडून बाहेर आली. मी एक टाका घातला. मग दुसरा. सुंदर पडले, मॅडम. अंबडच्या त्या मुलीच्या वाहिनीवर तुम्ही असेच घातले असते. तुम्हाला उठावे लागले नसते. तुमची खुर्ची तुमचीच राहिली असती. माझे डोळे इतके भरून आले की तिसऱ्या टाक्याला पडदा दिसेना.

अभियंत्याने हळूच विचारले, "मॅडम, हाताचा त्रास बऱ्याच दिवसांपासून आहे का?" मी नाही म्हणायला हवे होते. पण नाही म्हटले की "मग हे काय होतं?" असे तो विचारणार, आणि त्याचे उत्तर मला कोणाला देता येणार नव्हते. मी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ त्याने हो असा घेतला.

दुपारच्या व्याख्यानात त्याने ती चित्रफीत भल्यामोठ्या पडद्यावर लावली. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. "आत्ताच तुमच्यातल्या एका मॅडमनी हे करून दाखवलं. हात बघा, आणि सुई बघा! नाव मी सांगणार नाही," असे म्हणून त्याने माझ्याकडे पाहून कृतज्ञतेने मान लववली. सभागृहातली सगळी डोकी वळली. माझ्या पुढच्या रांगेत कुजबूज सुरू झाली: "अरे, उद्याची केस हिचीच आहे ना?" "हिला काय झालं? हात तर केवढा चांगला होता." "वय पण नाही गं तिचं..." मॅडम, त्या क्षणी मला कळले की गुडघे म्हणू देत, असे तुम्ही का म्हणाला होतात. माझा हात मांडीवर शांत पडला होता, आणि तो शांत आहे यावर आता कोणीच विश्वास ठेवणार नव्हते.

व्याख्यान संपताच विभागप्रमुखांनी बोलावणे धाडले. त्यांच्या खोलीपर्यंतच्या लांब मार्गिकेत मी दोन्ही उत्तरे तोलून पाहिली. खरे सांगितले तर माझा हात संशयातून सुटतो. पण मी नक्कल कोणाची करत होते, आणि ती मला इतकी हुबेहूब कशी येते, हेही सांगावे लागते. म्हणजे तुम्ही कंप असताना थिएटरमध्ये उभ्या राहत होतात, हे उघड होते. भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे मग लोक कसे पाहतील? दुसरे उत्तर सोपे होते. कंप माझा आहे म्हणायचे. यादीतून नाव काढतील, तपासणीला पाठवतील, तपासणीत काही निघणार नाही, आणि काही आठवड्यांनी मी परत येईन. लोकांच्या मनातली शंका तेवढी कायम राहील. ती राहू दे, असे मी दाराशी ठरवले.

सर खिडकीपाशी उभे होते. "बस," म्हणाले. "हाताला कंप आहे?"

"हो सर. अलीकडे थोडा होतो."

"कधीपासून?"

"काही महिने."

"मग परवा तू त्या लहान मुलाच्या बोटातली शीर शिवलीस, ती कंप असलेल्या हातानं? मी समोर होतो ना गं. मी चष्मा लावतो, आंधळा नाहीये."

सर माझ्यासमोर येऊन बसले, त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला, आणि बोलता बोलता करून दाखवले. "आधी करंगळी. मग मनगट. मग श्वास. मग कंप." त्यांचा आवाज खाली आला. "पडद्यावर ती करंगळी टेकली ना, तेव्हाच मी उठून बाहेर जाणार होतो. मला बघवेना. अगं, मी त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं उभा राहिलोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला, भूलवाल्या डॉक्टरांना, सिस्टरना. टॉवेलच्या गुंडाळ्या त्यांनी मागितल्या होत्या असं वाटतं का तुला? सिस्टरनं आपणहून करून ठेवल्या आणि म्हणाली, नवीन पद्धत आहे मॅडम, सगळीकडं ठेवतात." सर किंचित हसले. "तुला त्यांच्या यादीवर कोणी लावलं? तुझा हात बघून मीच लावलं. आणि बारीक काम असेल त्या दिवशी मी शेजारच्या खोलीत हात धुऊन बसायचो. पेशंटच्या जिवाशी खेळ नको, आणि मॅडमना कळायलाही नको. दोन्ही सांभाळायचं होतं. त्या स्वतःहून थांबेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, एवढं ठरलं होतं आमचं."

"मग ते गुडघ्यांचं भाषण?"

"चांगलं झालं होतं ना?" ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, काहीही टोचण्याचा हेतू नसताना विचारले, "तुला काय वाटलं होतं, तुम्हा दोघींनाच माहीत होतं?"

मी मान हलवली. या वेळी अर्थ लावण्यात कोणी चुकले नाही.

दुसऱ्या दिवशीची केस माझीच राहिली. मी यंत्राची परीक्षा घ्यायला मुद्दाम हात हलवला होता, असे सरांनी सगळ्यांना सांगितले, आणि एका मिनिटात ती गोष्ट विनोद होऊन गेली. "बाईंनी मशीनला फसवलं!" मुले आता ते रंगवून सांगतात. माझा हात सुटला. तुमचे नावही सुखरूप राहिले; मी ते सांभाळायला निघाले होते, पण ते सांभाळणारे माझ्या आधीपासून तिथे उभे होते. मला आनंद व्हायला हवा होता. तुम्हाला वाटत होते त्याहून तुमच्यावर प्रेम करणारी माणसे किती जास्त होती, हे कळल्यावर आनंदच व्हायला हवा. मी खाली येऊन गाडीत बसले आणि रडले, आणि ते तुमच्यासाठी नव्हते.

हे पत्र मी जपून लिहिले आहे. दोनदा खाडाखोड करून पुन्हा उतरवले आहे. ते जाणार कुठे नाही हे उघडच आहे. पण कुठे पाठवता आले असते तरी मी ते पाठवले नसते. सगळ्यांनी जे तुमच्यापासून इतक्या प्रेमाने लपवले, ते मी कशी सांगू? हे झाले लोकांत सांगण्यासारखे कारण. डॉक्टरने डॉक्टरशी खोटे बोलायचे नसते, म्हणून दुसरेही सांगते. तुमचा फोटो सगळ्यांचा आहे, तुमच्या गोष्टी सगळ्यांच्या आहेत. माझे म्हणून एवढेच होते की तुमचा कंप मला एकटीला ठाऊक आहे. तुम्ही "आपल्या दोघींत" म्हणाला होतात. ते तसेच आहे, असे तुम्ही तरी समजत राहावे, एवढे मला हवे आहे.